दुरुस्तीला दिलेली गाडी, अमानत आणि भरपाई



नमाज, रोजा आणि तहारत यांविषयीचे प्रश्न मशिदीत जवळजवळ रोज विचारले जातात. देण्याघेण्याविषयीचे प्रश्न मात्र बहुधा भांडण झाल्यानंतरच इमामाकडे येतात. रत्नागिरीच्या परिसरातील असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. त्यातील दोघेही आमच्या जमातीतले नमाजी असल्यामुळे त्यांची ओळख पटेल असा तपशील मी येथे देत नाही.

एक गृहस्थ अनेक वर्षे आखातात नोकरी करून परतले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि रत्नागिरी स्थानकावरून गणपतीपुळ्याकडे पर्यटक नेण्याचा व्यवसाय सुरू केला. घराचा खर्च त्या एका गाडीवर चालत होता. एके दिवशी त्यांनी ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली आणि इंजिनाचे ऑइल बदलले. त्याच संध्याकाळी प्रवासी घेऊन जाताना गाडीतील ऑइलचा लाल दिवा लागला. आजच सर्व्हिसिंग झाली आहे, तेव्हा दिव्यातच काही बिघाड असेल, असे समजून ते आणखी दोन-तीन किलोमीटर गेले. आरे-वारेच्या चढावर इंजिन जाम होऊन बंद पडले. खाली वाकून पाहिले, तर ऑइल चेंबरचा बोल्ट जागेवर नव्हता. तो नीट आवळलेलाच नव्हता. सारे ऑइल वाटेत गळून गेले होते. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट खराब झाल्यामुळे दुरुस्तीचा खर्च 46,000 रुपये निघाला.

गॅरेजमालकाचे म्हणणे असे: “मौलाना, मी काही मुद्दाम केलेले नाही. पोराकडून बोल्ट आवळायचा राहिला. त्याच्या पगारातून थोडे थोडे कापून देईन. बाकी अल्लाहची मर्जी, नशिबात होते ते झाले. शिवाय वाहने मालकाच्या जबाबदारीवर ठेवली जातात, असा फलकही मी लावला आहे.” गाडीच्या मालकांचे म्हणणे असे: “मला संपूर्ण नवे इंजिन पाहिजे. नाही दिले, तर साऱ्या वस्तीत सांगेन की हा कसला कारागीर आहे ते.” एका सफमध्ये उभे राहणाऱ्या या दोन भावांनी तीन जुम्मे एकमेकांना सलाम केला नव्हता. वास्तविक तीन दिवसांहून अधिक काळ भावाशी अबोला धरण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे.

वाचकहो, असा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येऊ शकतो. कधी आपण ग्राहक असतो, तर कधी कारागीर. शिंप्याकडे दिलेले कापड, सोनाराकडे दिलेला दागिना आणि गॅरेजमध्ये दिलेली गाडी यांच्या नुकसानीचा प्रश्न शरीअतच्या दृष्टीने एकाच प्रकारचा आहे. म्हणून तो क्रमाने समजून घेऊ.

किल्ली हाती देण्याचा अर्थ

गाडीची किल्ली कारागिराच्या हाती दिली म्हणून गाडी त्याच्या मालकीची होत नाही. ती त्याच्याकडे अमानत असते. सूरह निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचवण्याचा स्पष्ट आदेश आहे. अमानत ठेवणारा कोण आहे, मुस्लिम की मुस्लिमेतर, मित्र की शत्रू, असा भेद त्या आदेशात नाही. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, तरीही त्याच लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे सुरक्षित होत्या. त्या ज्याच्या त्याला परत करता याव्यात म्हणून त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूची ठेवसुद्धा इतकी जपली गेली, तर विश्वासाने आलेल्या ग्राहकाची गाडी किती जपली पाहिजे, याचा विचार प्रत्येक कारागिराने करावा.

याच तत्त्वातून आणखी एक गोष्ट निघते. दुरुस्तीसाठी आलेली दुचाकी घेऊन चहा आणायला जाणे किंवा ग्राहकाची गाडी घरच्या कामासाठी फिरवणे आपल्याकडे किरकोळ समजले जाते. परंतु परवानगी चाचणीपुरती असताना वस्तूचा वेगळा वापर केला, तर फुकहांच्या (धर्मविधिज्ञांच्या) मते ती अमानतीतील खयानत ठरते. अशा वापराच्या वेळी अपघात झाला, तर ‘माझी चूक नव्हती, समोरच्याने धडक दिली’ हा बचाव चालत नाही. वापर करणाराच भरपाईला जबाबदार असतो.

हेतू नव्हता, तरी भरपाई का?

‘मी मुद्दाम केले नाही’ हे वाक्य अशा प्रसंगी सर्वांत आधी ऐकू येते. यासंबंधी सहीह बुखारीतील एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रेषित (स.) आपल्या एका पत्नीच्या घरी होते. दुसऱ्या एका पत्नीने सेवकाच्या हाती अन्नाचे भांडे पाठवले. ज्यांच्या घरी ते होते त्यांना हे सहन झाले नाही. त्यांनी सेवकाच्या हातावर फटका मारला आणि भांडे पडून फुटले. प्रेषितांनी (स.) स्वतः त्याचे तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न उचलले आणि उपस्थितांना समजावले की तुमच्या मातेला सवतीमत्सर वाटला. ते रागावले नाहीत, कोणाचा अपमान केला नाही. परंतु सेवकाला त्यांनी तसेच परत जाऊ दिले नाही. त्याच घरातील धड भांडे मागवून त्यांनी ते जिचे भांडे फुटले होते तिच्याकडे पाठवले आणि फुटके भांडे येथे ठेवून घेतले.

या प्रसंगात प्रेषितांनी (स.) मनाची बाजू समजून घेतली, पण भांड्याचा हिशेब सोडला नाही. हेतूचा संबंध गुन्ह्याशी आणि शिक्षेशी असतो. भरपाईचा संबंध दुसऱ्याच्या मालाच्या नुकसानीशी असतो. चुकून केलेले नुकसान गुनाह ठरत नसेल, पण माल तर दुसऱ्याचाच गेलेला असतो. म्हणूनच फिक्हचा नियम असा की, ज्याच्या प्रत्यक्ष कृतीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तो हेतू नसला तरी त्या नुकसानीचा जामीनदार असतो.

‘नशिबात होते’ हे म्हणणेही याच कसोटीवर तपासावे. तकदीरवर ईमान हा आपल्या अकीद्याचा भाग आहे. त्या घरातील भांडे फुटणेही तकदीरमध्येच होते, तरी धड भांडे पाठवले गेलेच. ज्याचे नुकसान झाले त्याने सब्र करण्यासाठी तकदीरचा आधार घ्यावा. ज्याने नुकसान केले त्याने आपले देणे चुकवण्यासाठी तो आधार घेऊ नये.

कारागिराच्या हाताची जबाबदारी

फुकहांनी मजुरीवर काम करणाऱ्यांचे दोन प्रकार मानले आहेत. एकाच मालकाकडे ठरावीक वेळ काम करणारा तो ‘अजीर खास’, म्हणजे नोकर. अनेक लोकांची कामे घेणारा तो ‘अजीर मुश्तरक’, म्हणजे शिंपी, रंगारी, सोनार यांच्यासारखा स्वतंत्र कारागीर. आजचा गॅरेजमालक या दुसऱ्या प्रकारात येतो.

कारागिराच्या कृतीशिवाय वस्तू नष्ट झाली, उदाहरणार्थ चोरी झाली, तर काय, याविषयी हनफी मजहबमध्येच मतभेद आहे. इमाम अबू हनीफा (रह.) अशा स्थितीत कारागिराला जबाबदार धरत नाहीत. त्यांचे दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.), मोठ्या आगीसारखे टाळता न येणारे कारण सोडल्यास त्याला जबाबदार धरतात. मात्र कारागिराच्या स्वतःच्या कामातूनच नुकसान झाले, तर हे तिघेही त्याच्यावर भरपाई ठेवतात. आपल्या कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई मजहबचे आहेत. त्या मजहबच्या ग्राह्य मतानुसार कारागिराचा हात हा अमानतदाराचा हात आहे. त्याने मर्यादा ओलांडली किंवा हलगर्जीपणा केला, तरच तो जबाबदार ठरतो. आपल्या प्रसंगात बोल्ट न आवळणे हा उघड हलगर्जीपणा आहे. त्यामुळे शाफई मताने पाहा किंवा हनफी मताने, उत्तर एकच येते: भरपाई गॅरेजच्या अंगावर आहे.

हजरत अली (रजि.) यांच्याविषयी फिक्हच्या ग्रंथांत नोंदले गेले आहे की ते रंगारी आणि सोनार यांना लोकांच्या वस्तूंसाठी जबाबदार धरत असत आणि लोकहितासाठी हे आवश्यक आहे असे मानत. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. कारागिराशिवाय कोणाचे चालत नाही, आणि त्याच्या दुकानात काय झाले हे ग्राहकाला दिसत नाही. जबाबदारीच नसेल, तर काळजी घेणारा आणि न घेणारा यांत फरक उरणार नाही.

ज्याला काम येत नाही, त्याची जबाबदारी तर आणखी मोठी आहे. वैद्यकीचे ज्ञान नसताना उपचार करणारा त्यातून होणाऱ्या हानीला जबाबदार असतो, असा आशय असलेली हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. ही गोष्ट इतर कारागिरीलाही लागू पडते. गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा समजत नसताना ‘बघतो उघडून’ म्हणून हात घालणाऱ्याने आधी स्वच्छ सांगावे की हे काम मला येत नाही. असे सांगण्यात कमीपणा नाही.

राहिला प्रश्न फलकाचा. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे लिहिल्याने हलगर्जीपणा जायज होत नाही. मजुरी घेतली ती काम नीट करण्यासाठीच. नीट न करण्याची सूट फलकावर लिहून घेता येत नाही.

चूक पोराची, देणे कोणाचे?

गॅरेजमालक म्हणाले होते की पोराच्या पगारातून कापून देतो. ही गोष्ट मला त्या साऱ्या भांडणातील सर्वांत गंभीर वाटली. तो मुलगा एकोणीस वर्षांचा, नुकता काम शिकू लागलेला. ग्राहकाने काम त्याच्याकडे सोपवले नव्हते, उस्तादाकडे सोपवले होते. फुकहांच्या म्हणण्यानुसार कारागिराच्या हाताखालील नोकर किंवा शिकाऊ मुलगा नेमून दिलेले काम करत असताना चुकला, तर ग्राहकाप्रती जबाबदारी उस्तादाची असते. मुलाने जाणूनबुजून मोडतोड केली असती, तर गोष्ट वेगळी होती. आवळलेला बोल्ट एकदा तपासून पाहणे हे उस्तादाचे काम होते. नफा झाला तेव्हा तो मालकाचा होता, मग तोटा त्या मुलाचा कसा होईल? कष्टकऱ्याची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी, ही शिकवण आपण व्यासपीठावरून नेहमी सांगतो. ती अशा वेळी पाळायची असते.

किती मागावे?

आता दुसरी बाजू. गाडीच्या मालकांचा हक्क खरा होता, पण हक्कालाही मर्यादा असते. सूरह अंबियाच्या 78 आणि 79 व्या आयतींत हजरत दाऊद (अलै.) आणि हजरत सुलैमान (अलै.) यांच्यापुढे आलेल्या खटल्याचा उल्लेख आहे. काही लोकांच्या शेळ्यामेंढ्या रात्री दुसऱ्याच्या शेतात शिरून चरल्या होत्या. भाष्यकारांनी सांगितल्यानुसार हजरत दाऊद (अलै.) यांनी नुकसानीच्या बदल्यात ती जनावरेच शेतकऱ्याला देण्याचा निर्णय दिला. हजरत सुलैमान (अलै.) यांनी वेगळा तोडगा सुचवला. जनावरे काही काळ शेतकऱ्याकडे राहावीत, त्यांचे दूध आणि लोकर त्याने घ्यावी. तोवर जनावरांच्या मालकाने शेताची मशागत करून ते पूर्वीसारखे करून द्यावे. मग शेत शेतकऱ्याला आणि जनावरे त्यांच्या मालकाला परत मिळावीत. अल्लाहने दोघांनाही ज्ञान आणि निर्णयशक्ती दिल्याचे कुरआन सांगतो, आणि या खटल्याची समज सुलैमान (अलै.) यांना दिल्याचेही सांगतो.

भरपाईचा हेतू यातून स्पष्ट होतो. शेत पूर्वीसारखे व्हावे आणि जनावरांचा मालकही उद्ध्वस्त होऊ नये. लाखाहून अधिक किलोमीटर धावलेल्या इंजिनाच्या बदल्यात संपूर्ण नवे इंजिन मागणे म्हणजे जे गेले त्याहून अधिक मागणे होय. नष्ट झालेल्या जुन्या वस्तूची भरपाई तिच्या त्या वेळच्या किमतीनुसार होते, नव्या वस्तूच्या किमतीनुसार नाही. शिवाय लाल दिवा लागल्यावरही गाडी चालवत राहणे ही मालकांची स्वतःची चूक होती, आणि त्यांनी ती मान्य करणे आवश्यक होते.

मजुरीचा हिशेबही न्यायाने व्हावा. ‘हिदाया’ या प्रसिद्ध हनफी ग्रंथात हमालाचे उदाहरण आहे. फुरात नदीवरून मडके वाहून आणताना ते वाटेत हमालाकडून पडून फुटले, तर मालकाला निवड करता येते. मडके जेथून उचलले तेथील किंमत घ्यावी आणि मजुरी देऊ नये, किंवा जेथे फुटले तेथील किंमत घ्यावी आणि तेथवरची मजुरी द्यावी. पूर्ण भरपाईही घ्यायची आणि मजुरीही बुडवायची, असा दुहेरी लाभ त्यात नाही.

एक सावधगिरी आणखी हवी. सर्व्हिसिंगनंतर झालेला प्रत्येक बिघाड सर्व्हिसिंगमुळेच झालेला असतो असे नाही. जुना भाग योगायोगानेही तुटतो. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा आणि नाकारणाऱ्याने शपथ घ्यावी, हे इस्लामी न्यायाचे मूलतत्त्व आहे. म्हणून दोघांचाही संबंध नसलेल्या जाणकाराचे मत घ्यावे आणि ते येण्यापूर्वी कोणाची बदनामी करू नये. हक्क मागणाऱ्याला बोलण्याचा अधिकार आहे, हे स्वतः प्रेषितांनी (स.) मान्य केले आहे. परंतु हक्क मागणे वेगळे आणि चारचौघांत अब्रू घेणे वेगळे.

समेट

मी काजी नाही, हे मी दोघांनाही आधीच सांगितले. माझे काम मसला सांगणे आणि समेटासाठी बसवणे एवढेच होते. तिसऱ्या गावातील एका वयस्क मेकॅनिकने इंजिन पाहिले. त्यांच्या मते मूळ कारण सैल बोल्ट हेच होते. दिवा लागताच गाडी थांबवली असती, तर नुकसान कमी झाले असते. आणि नव्या बेअरिंगमुळे इंजिन पूर्वीपेक्षा चांगले होणार होते.

बसलेल्या दोघांना मी बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला प्रसंग सांगितला. हजरत काब बिन मालिक (रजि.) मशिदीत एकाकडे आपले कर्ज मागत होते आणि दोघांचे आवाज चढले. प्रेषितांनी (स.) आपल्या खोलीचा पडदा बाजूला करून काब (रजि.) यांना खुणेने निम्मे सोडण्यास सांगितले. त्यांनी ते मान्य करताच प्रेषितांनी (स.) कर्जदाराला उठून उरलेले कर्ज फेडण्यास सांगितले. एकाला सवलत द्यायला सांगितले, आणि दुसऱ्याला लगेच द्यायला सांगितले. समेटाची ही दोन्ही अंगे आहेत. केवळ पहिल्याचाच आग्रह धरला, तर समेटाच्या नावाखाली दुर्बलाचा हक्क बुडतो.

अखेर गॅरेजमालकांनी 30,000 रुपये दरमहा 5,000 प्रमाणे देण्याचे लिहून दिले आणि सर्व्हिसिंगची मजुरी परत केली. मुलाच्या पगाराला हात लावणार नाही, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. गाडीच्या मालकांनी उरलेली रक्कम आणि बुडालेल्या दिवसांची कमाई सोडून दिली. सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत असलेल्या देणेकऱ्याला सवड देण्याचा आदेश आहे, आणि देणे माफ करणे त्याहून उत्तम म्हटले आहे. हप्त्यांमागे हीच शिकवण होती. उठताना गॅरेजमालक म्हणाले, “चाचा, त्याच दिवशी मी तुमच्या घरी यायला हवे होते.” चाचांनी उत्तर दिले नाही, पण आधी सलाम त्यांनीच केला.

व्यवहारात पाळण्याच्या गोष्टी

1. गाडी देताना कामाचे स्वरूप, अंदाजे खर्च, किलोमीटरचा आकडा आणि आधीचे ओरखडे लिहून घ्यावेत. शक्य असल्यास छायाचित्रे काढावीत. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे.

2. गाडी परत घेताना घाईने निघू नये. बोनेट उघडून ऑइलची पातळी पाहावी, खाली गळती नाही ना ते पाहावे, ब्रेक तपासावेत. चाके काढली असल्यास नट आवळल्याची खात्री करावी. इशाऱ्याचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे.

3. कारागिराने काम संपल्यावर प्रत्येक बोल्ट स्वतः तपासावा. बदललेले जुने भाग ग्राहकाला दाखवावेत. हातून ओरखडा पडला किंवा काही तुटले, तर ग्राहकाच्या लक्षात येण्यापूर्वीच सांगावे. धान्याच्या राशीत ओलावा लपवणाऱ्याला प्रेषितांनी (स.) तो वर का ठेवला नाही असे विचारले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. रंगाखाली दडवलेला पोचा आणि राशीखाली दडवलेला ओलावा यांत फरक नाही.

4. समेट होत नसेल, तर कायद्याकडे जाणे दोषास्पद नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 151 नुसार, वस्तू सोपवून घेणाऱ्याने सामान्य समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेणे बंधनकारक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. मात्र तेथेही दावा खरा आणि मोजका असावा.

वाचकहो, अल्लाहचे हक्क तौबेने माफ होण्याची आशा असते. बंद्यांचा हक्क मात्र तो परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही. सहीह मुस्लिममध्ये त्या दरिद्री माणसाचे वर्णन आहे, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. परंतु त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. त्याच्या नेक्या त्या हक्कदारांना वाटून दिल्या जातील. त्या संपल्या, तर हक्कदारांचे गुनाह त्याच्यावर टाकले जातील. न आवळलेल्या बोल्टचे देणे येथे रुपयांत फिटते. तेथे ते नमाजांनी आणि रोजांनी फेडावे लागेल. आपल्या घरात कोणाची उसनी आणलेली, मोडलेली, न सांगता परत केलेली वस्तू असेल, तर ती आजच आठवून पाहावी.

अल्लाह आपल्या सर्वांना अमानत सांभाळण्याची, चूक कबूल करण्याची आणि हक्क मागताना न्यायाने वागण्याची तौफीक देवो. आमीन.